उजव्या कानामागे

सोमवार, ४

गेम खेळणाऱ्यांसाठीचा आमचा सुधारलेला हेडसेट आज तपासायला आला एकदाचा. साहेबांनी तो दोन्ही हातांवर धरून असा आणला, की मला वाटलं आता विचारतात, कुणावर गेलाय सांगा.

जुना हेडसेट मी इतकी वर्षं डोक्यावर वागवला, की त्याच्या खोड्या मला नवऱ्याच्या खोड्यांइतक्या पाठ आहेत. तासाभरात कान तापतात, पट्टी टाळूत रुतते आणि आवाजामागे सतत बारीक सूं चालू असतं. नव्याच्या गाद्या जाड आणि मऊ, कान आख्खा आत जातो. पट्टीखाली कापडाची झोळी आहे, त्यामुळे डोक्याला वजन जाणवत नाही. घातला आणि पंखा गेला, रस्ता गेला, चष्म्याची बडबडसुद्धा गेली. एवढ्यासाठीच पैकीच्या पैकी द्यावेत.

चष्मा म्हणजे माझा जोडीदार. त्याला ही नोकरी जाड भिंगांमुळे मिळाली, कारण हेडसेटखाली चष्म्याच्या काड्या कुठे टोचतात हे सांगणारं कुणीतरी लागतं. आरामाचं तो बघतो, आवाजाचं मी. ऑफिसात मला कानसेन म्हणतात आणि मला ते आवडतं. वही माझीच आहे, लिहायला काय हरकत आहे?

काचेच्या खोलीत जावईबापू बसलेत. म्हणजे रबरी डोकं. नुसती मान आणि डोकं, कानांत बारीक माइक. हल्लीच विकत आणलंय. त्याच्यासाठी वेगळा एसी, त्याच्यासमोर कुणी मोठ्याने बोलायचं नाही, म्हणून चष्म्याने हे नाव ठेवलं. साहेब म्हणतात, "तुमच्या मदतीला आणलाय हो." मदतीला आलेली माणसं पुढे काय करतात ते मी पाहिलेलं आहे. त्या काचेवरून जाताना मी आत बघत नाही.

मंगळवार, ५

मी गेम खेळत नाही, गेममध्ये उभी राहते. पावसात, जिन्यात, पुलाखाली माझा शिपाई उभा करायचा आणि ऐकायचं. त्यामुळे मी सारखी मरते. चष्मा म्हणतो, या गेममध्ये माझ्याइतकं कुणी मेलं नसेल.

आज गेममधल्या एका रिकाम्या गोदामात उभी होते. तिथे कुणी नसतं, आवाजही नसतो, म्हणून तर ती जागा निवडलीय. आणि उजव्या कानामागे कुणीतरी श्वास घेतला. हुश्श. थांबून पुन्हा हुश्श. शिपायाला गर्रकन वळवला. कुणी नाही. मग खुर्चीसकट मीच वळले. मागे कपाट होतं.

हसू आलं नाही. मानेवर काटा उभा राहिला, तो घरी येईपर्यंत गेला नाही.

गुरुवार, ७

चष्म्याला ऐकायला दिलं. त्याने डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "काही नाही ओ. मस्त शांत आहे." मग आम्ही हेडसेट जावईबापूंना घातला. पडद्यावर सरळ रेघ, एक कुसळ नाही. दुसरा नग काढला, त्यातही मला तेच ऐकू आलं. गेम बंद केला, हेडसेटचं बटणही बंद केलं, तरी हुश्श चालूच.

चष्मा म्हणाला, "बंद हेडसेट कसा काय आवाज करेल?"

मी म्हटलं, "आत बॅटरी असते. ती कुठे पूर्ण बंद होते?"

तो भिंगं पुसत बसला. माणूस भिंगं पुसायला लागला की समजावं, त्याला आपल्याकडे बघायचं नाहीये. जावई ऐकत नाही ते मी ऐकते, यात मोठेपणा आहे हे खरं. पण उद्या साहेबांनी विचारलं, दोघांतलं खोटं कोण, तर रबरी डोक्याला कोण खोटं म्हणणार?

शनिवार, ९

आज कुणी नसताना हेडसेट उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर. ही आमची जुनी युक्ती. दोष हेडसेटच्या उजव्या बाजूला असेल, तर आता तो डाव्या कानात यायला हवा.

आवाज उजव्या कानातच आला.

मग डोक्यात लख्ख झालं. म्हणजे दोष दोन्ही वाट्यांत आहे, पण मला तो फक्त उजव्या कानाने कळतोय. म्हणजे माझा डावा कान गेला!

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? हे लिफ्टचे मेकॅनिक, साऱ्या गावच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमच्या इमारतीतली बंद पडलीय तिच्याकडे बघायला वेळ नाही. सासूबाईंना ऐकू येत नाही. कानातलं मशीन त्या दुपारी काढून ठेवतात, ते टेबलावर कुंई कुंई करत बसतं, आणि बाकीचा वेळ घरात सगळं ओरडून चालतं. "अगं, दूध उतू गेलं!" हे खालच्या मजल्यालाही कळतं. त्यांना बहिरेपणावरून मी काय काय बोललेय, ते आज सगळं आठवलं. तुम्हाला काय, तुमची आपली शांतता. असंही म्हणाले होते एकदा.

सोमवार, ११

सुटी टाकून कान तपासायला गेले. छोट्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बटण घामाने हातातून सटकत होतं. तपासणारी बाई म्हणाली, "इतके चांगले कान या वयात कमी बघायला मिळतात. दोन्ही एकदम छान."

मी तिला विचारलं, डावासुद्धा? ती म्हणाली, डावा तर उजव्याहून कांकणभर सरस. मी तिचे हातच धरले. बाकी काही होतंय का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, आता काहीच नाही. कागद पर्समध्ये घातला आणि रस्त्यात दोनदा काढून बघितला.

बुधवार, १३

अजून एक पुरावा सापडला. ऑफिसातलीही लिफ्ट बंद होती, त्यामुळे धापा टाकत जिना चढले आणि थेट हेडसेट घातला. हुश्श-हुश्श-हुश्श, किती भराभर! पाणी पिऊन थोडी टेकले तेव्हा सावकाश झालं. म्हणजे खोली तापलेली असली की दोष वाढतो आणि एसीत बसलं की कमी होतो. हे उष्णतेचं दुखणं आहे, हे मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

चष्मा म्हणाला, "कानसेन, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझ्या तब्येतीचा काय संबंध?" म्हटलं. फार लागलं मला ते.

शुक्रवार, १५

बैठक झाली. मी कानांचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, कान चांगले आहेत, आता तुम्हीच ठरवा आवाज कुठून येतो ते. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी कारखान्यात फोन लावला आणि खोकी भरायचं काम थांबवायला सांगितलं. माझ्या शब्दावर. जावईबापूंनी सरळ रेघ काढलेली असताना.

आनंद व्हायला पाहिजे होता. पण फोन ठेवल्यावर साहेब किती खोकी अडली त्याचा हिशोब मांडायला लागले, ते मी बघितलं. खोकी भरणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. माझं चुकलं असेल तर त्यांचं काय तोंड बघणार? दिवसभर जीव मुठीत धरून बसले होते. डोकंही ठणकतंय, कानामागून.

रविवार, १७

आता हे कुणाला सांगू?

दुपारी उजव्या कुशीवर आडवी झाले. उशीत कान गेला आणि हुश्श. हुश्श. हेडसेट ऑफिसात, कपाटात, कुलपात आहे. मी ताडकन उठून बसले. उशी उचलून बघितली, काय सापडणार होतं कोण जाणे. पुन्हा कान टेकवला. होतंच ते. अगदी उजव्या कानामागे, माझ्याशी जोडून, मी हलले की तेही हलतं. गेममधलं कुणी माझ्यामागून घरात आल्यासारखं वाटलं. मी खरंच खोलीचं दार उघडून पाहिलं. एवढी बाई मी, आणि दाराआड बघते!

मग दुसरी भीती. या हेडसेटने माझा कान बिघडवला असेल तर? आणि चष्मा? तोही तेवढाच वेळ घालतो, त्याच्या घरात दोन लेकरं. त्याला फोन केला, म्हटलं, उशीवर कान ठेवून सांग काय ऐकू येतं. तो म्हणाला, "बायको विचारतेय कोणाचा फोन, काय सांगू?" मी म्हटलं, थट्टा नको, ठेव. त्याने ठेवला. म्हणाला, "काही नाही ओ. कापूस आहे." मग आवाज बदलून म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जा. शिट्ट्यावालीकडे नाही, डॉक्टरकडे." मी फोन ठेवून दिला.

मंगळवार, १९

आज आधी वही उघडली. लिहिल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

काल आणि आज कामावर गेले नाही. डोकं फुटतंय, आणि हुश्श आता कान उघडा असतानाही येतंय. सासूबाईंना मी कपाळ धरून बसलेली दिसले. मशीन टेबलावरच होतं. त्या मागे येऊन बसल्या आणि ओरडून म्हणाल्या, "आण डोकं इकडे!" त्यांची बोटं जाड, खरखरीत. टाळू दाबली, मान दाबली. मग अंगठा उजव्या कानामागच्या हाडापाशी आला आणि तिथेच थांबला.

"हे काय गं?"

"काय?" मी वळून, त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं.

"इथे काहीतरी थरथरतंय. तू पुढे बघ." पुन्हा अंगठा. डावीकडे लावून बघितला, पुन्हा उजवीकडे. "डावीकडे नाही. इथेच आहे. असं असं येतंय." आणि त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या गुडघ्यावर टिचक्या मारून दाखवल्या.

टक. हुश्श. टक. हुश्श.

टिचकी आणि आवाज एकत्र पडत होते, एकही चुकत नव्हती. ज्या आवाजाला चष्मा नाही म्हणाला, जावई नाही म्हणाला, तो माझ्या बहिऱ्या सासूने अंगठ्याने पकडला. मी त्यांच्या टिचक्यांकडे बघत राहिले. मग न राहवून माझ्याच मनगटावर बोट ठेवलं. नाडी. टक. हुश्श. तीही त्याच ठेक्यात.

हेडसेटमध्ये काही नव्हतं. कधीच नव्हतं. जिना चढल्यावर भराभर होतं ते काय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उष्णता म्हणे! मी माझ्याच डोक्यातल्या रक्ताची तक्रार लिहून दिली आणि कारखाना बंद पाडला. आणि हे सगळं त्या क्षणी मनात आलं तसंच निघूनही गेलं, कारण मागून दुसरं आलं. माझ्या डोक्यात काहीतरी आहे. मला रडू फुटलं. सासूबाईंना हुंदका ऐकू येत नाही, पण अंगठा मानेवरच होता. त्यांनी तो काढला नाही आणि यांना हाक मारली, ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असणार.

बुधवार, २०

डॉक्टरांनी कानात बत्ती घालून बघितलं, मग छातीला लावायची नळी कानामागे लावली. मी त्यांचा चेहरा बघत होते. आवाज ऐकणाऱ्याचा चेहरा मला कळतो, तो माझा धंदाच आहे. आधी काही नव्हतं. मग भुवया किंचित वर गेल्या.

"येतोय," त्या म्हणाल्या. "चांगला मोठा येतोय."

कुणीतरी ऐकला! घाबरायचं सोडून मला इतकं हायसं वाटलं, की मी हसले. डॉक्टरांना वाटलं असेल, हिला वेड लागलंय. मग यांनी विचारलं, मी ऐकू का? नळी कानाला लावून हे उभे राहिले, आणि बघता बघता यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. मोटरचा आवाज ऐकून लिफ्टचं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस हा. यांनी नळी काढून हळूच टेबलावर ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात हे असलं काही कधी नसतं. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

शनिवार, २३

फोटो काढले डोक्याचे. मेंदूवरच्या आवरणात, उजव्या कानामागे, एक धमनी भलत्याच ठिकाणी शिरेला जाऊन मिळालीय. रक्त तिथून धो धो जातं, त्याचाच आवाज. शीर एवढा जोर सोसायला केलेली नसते. कधीतरी फुटू शकते. "कधीतरी म्हणजे?" यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "वाट बघू नये, एवढंच सांगते."

मांडीतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत न्यायची आणि ती वाट बुजवायची. बहुतेकांचं नीट होतं. क्वचित रक्तस्राव होतो, क्वचित त्या बाजूचं ऐकू येणं जातं.

आधी कसं कळलं नाही, विचारलं. त्या म्हणाल्या, आजूबाजूला आवाज असतो, त्यात बुडून जातं. मला जुन्या हेडसेटचं सूं आठवलं.

सोमवार, २५

साहेबांना जाऊन सांगितलं. खाली बघून सांगितलं. खोकी भरायला घ्या, हेडसेट निर्दोष आहे, सदोष मी. साहेब म्हणाले, "अहो, खोक्यांचं काय घेऊन बसलात?" आणि मलाच पाणी आणून दिलं.

चष्मा जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "म्हणजे तुम्ही बरोबरच होतात, कानसेन. आवाज होताच. जावयाला नाही आला ऐकू." मग भिंगं पुसायला लागला.

गुरुवार, २८

उद्या सकाळी.

मला भीती वाटतेय. मरणाची वाटते, हे तर आहेच. पण मरण काही नीट डोळ्यांसमोर येत नाही. येतो तो उजवा कान. पावसात उभं राहिलं की पत्र्यावरचा थेंब आणि मातीवरचा थेंब मला वेगळे ऐकू येतात, ते एका कानाने येतील का? मग मी कोण? यांना विचारलं, कान गेला तर? हे म्हणाले, "तू परत ये. कानाचं बघू." आणि लगेच लिफ्ट बघायला गेले. इमारतीतली. आजच सुचलं. मला परत येताना जिना नको म्हणून असेल.

आडवं होऊन तो आवाज ऐकत पडलेय. शत्रू असला तरी सवयीचा झालाय.

बुधवार, ३

कालच घरी आले. लिफ्टने.

आवाज गेला. शुद्धीवर आल्याबरोबर कळलं. डॉक्टरांनी विचारलं, ऐकू येतंय ना नीट? मी हो म्हटलं. पण डावा कान आहेच की ऐकायला. उजव्या बाजूला आता एवढी शांतता आहे, की हुश्श गेलं की कानच गेला, हे मला कळत नाहीये. बघायचं तर सोपं आहे, डावा कान दाबून उजव्याने ऐकायचं. पण बघवत नाही. यांनी उजवीकडून काही म्हटलं, की मी आपलं डोकं वळवते, डावा कान पुढे करते. हे बघतात आणि उठून माझ्या डावीकडे येऊन बसतात.

आज दुपारी चष्म्याच्या हाती साहेबांनी नवा हेडसेट पाठवला. शेवटचा शेरा तुमचाच, अशी चिठ्ठी. चष्मा गेल्यावर घातला. गाद्या मऊ, पट्टी हलकी, जग बंद. गेम सुरू करायला बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. पावलं उजवीकडून आली आणि मला ऐकूच नाही आली तर? तशीच बसून राहिले, त्या रिकाम्या गोदामात असल्यासारखी.

तेवढ्यात कुणीतरी उजवी वाटी उचलली. सासूबाई. मशीन नव्हतंच कानात. त्यांनी अंगठा माझ्या कानामागे ठेवला. काल आल्यापासून येता-जाता ठेवतात.

"गप्प आहे!" त्या ओरडल्या. मी मान हलवली, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या उचललेल्या वाटीकडे बघितलं. मग डाव्या कानावरची वाटी तळहाताने घट्ट दाबून धरली. हे त्यांना कुणी शिकवलं? आणि त्या वाकल्या. जन्मभर ओरडून बोललेली बाई. स्वतःला ऐकू येत नसताना आवाज किती बारीक करायचा, हे तिने कसं जमवलं असेल? उजव्या कानात नुसती फुंकर आल्यासारखी वाटली, आणि त्या फुंकरीत शब्द होते.

"चहा फार पाणचट करतेस गं तू. पहिल्यापासून."

मी गर्रकन वळले. "पाणचट?"

"आलं ना ऐकू?" त्या ओरडल्या, आणि खाली बसून पदराने डोळे पुसायला लागल्या.